वेळापत्रके पुष्कळ झाली. विद्यार्थ्याला कीर्द लिहू द्या

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जून उजाडला की वह्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. गेल्या काही वर्षांत या दुकानांत दोनशेपानी वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी एक नवा माल दिसू लागला आहे. जाड पुठ्ठ्याचे, तारखा आणि तास छापलेले, पानोपानी पाण्याचे आठ पेले रंगवायला आणि आजची मनःस्थिती दाखवायला हसरे-रडवे चेहरे दिलेले हे ‘प्लॅनर’ पालक हौसेने घेऊन देतात आणि गणपती येईपर्यंत त्यांतली पहिली वीसएक पाने भरून बाकीची कोरी राहतात. दुकानदाराचा यात काही दोष नाही. मागणी आहे म्हणून तो ठेवतो. परंतु अभ्यास, सबमिशन, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पास आणि परीक्षा यांचा पसारा एका वहीत कसा मांडावा, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर या छापील पानांत नाही, तर कीर्दीत, म्हणजे पेढीवरच्या रोजच्या नोंदवहीत आहे, असे माझे मत आहे. मी बत्तीस वर्षे सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवला. तेव्हा हिशेबनिसाच्या चष्म्यातून जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः अकरावी ते पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे, ठेवण्याची परवानगी असावी.

आपल्याकडे विद्यार्थ्याने ‘व्यवस्थित’ होण्याची सुरुवात वेळापत्रकाने होते. कार्डशीटवर स्केचपेनने चौकटी आखायच्या, ‘पहाटे 5 ते 7 अर्थशास्त्र, 7 ते 7.30 व्यायाम’ असे लिहायचे आणि ते टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवायचे. हे मी स्वतः केलेले आहे, माझ्या मुलांनी केलेले आहे आणि वर्गातल्या पोरांच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर पाहिलेले आहे. हिशेबाच्या भाषेत वेळापत्रक म्हणजे अंदाजपत्रक. पेढीचे अंदाजपत्रक कितीही सुरेख केले तरी आज गल्ल्यात काय आले आणि काय गेले याची नोंदच नसेल, तर ते अंदाजपत्रक चूक होते की बरोबर हे कळायलाही मार्ग राहत नाही. वेळापत्रक आठव्या दिवशी मोडते, मुलाला वाटते की आपल्यातच काही कमी आहे, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला नव्या कार्डशीटवर नवे वेळापत्रक चढते.

आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस स्वभावतःच कमी करतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. मुलांनी सरासरी 34 दिवसांचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. ही मुले आळशी होती असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ बहुधा मागच्या कामांचा लिखित हिशेब नव्हता, किंवा असला तरी अंदाज करताना त्यांनी तो उघडून पाहिला नाही.

माझे वडील सांगलीच्या बाजारपेठेत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वी दिवसाची कीर्द पुरी झाल्याशिवाय ते घरी येत नसत आणि आई त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवत असे. लाल कापडाच्या बांधणीची ती चोपडी, पानाच्या माथ्यावर ‘श्री’, त्याखाली मिती म्हणजे तिथी, आणि छापील रेघांऐवजी कागदाला घड्या घालून पाडलेले सळ, हे सारे मला आजही डोळ्यांपुढे दिसते. कीर्दीत दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने उतरते. मग त्यातली प्रत्येक नोंद ज्या त्या माणसाच्या किंवा मालाच्या खात्यावर खतावली जाते, ती खतावणी. कीर्द उघडली की ‘आज काय झाले’ ते कळते आणि खतावणी उघडली की ‘अमक्याकडे किती येणे आहे’ ते कळते. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत आणि एकीवाचून दुसरी लंगडी पडते.

विद्यार्थ्याच्या वहीचे सगळे गुपित, माझ्या मते, एवढ्यातच आहे. साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि पानांना हाताने आकडे घालावेत. वहीच्या सुरुवातीपासून कीर्द लिहावी, म्हणजे रोजची तारीख घालून त्या दिवशी समोर आलेले प्रत्येक काम, प्रत्येक सूचना, प्रत्येक ठरलेली वेळ एकेका ओळीत क्रमाने उतरवावी. वहीच्या मागच्या बाजूने खतावणी धरावी, म्हणजे प्रत्येक विषयाला एक पान, दाखल्यांना एक, शिष्यवृत्तीला एक, फीच्या हप्त्यांना एक आणि उसनवारीला एक; कारण आपली पुस्तपालनाची वही कोणाकडे गेली आहे हे परीक्षेच्या आठवड्यात न आठवणे हा आपल्या विद्यार्थिजीवनातला फार जुना रोग आहे. आपल्या बाजारातल्या कित्येक वह्यांच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिकेचा तक्ता छापलेला असतोच. तो कोणी शेवटपर्यंत भरल्याचे बत्तीस वर्षांत माझ्या पाहण्यात आले नाही. तो भरावा, म्हणजे कोणते खाते कोणत्या पानावर आहे ते शोधत बसावे लागत नाही. कीर्दीतली नोंद खात्यावर नेली की समासात त्या पानाचा आकडा टाकावा, जसे आम्ही ‘खा. पा.’ म्हणजे खाते पानाच्या रकान्यात टाकायला शिकवतो.

यात मी नवे काही शोधले आहे, असा माझा दावा नाही. माझी नात पुण्यात शिकते. तिने मला सांगितले की या प्रकाराला आता ‘बुलेट जर्नल’ म्हणतात आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले आरेखक रायडर कॅरल यांनी 2013 मध्ये ती पद्धत जगापुढे मांडली. तिची माहिती मी लक्षपूर्वक ऐकली. लहानपणीच अवधान टिकवण्याच्या अडचणीचे निदान झालेल्या या गृहस्थांनी स्वतःसाठी बसवलेली ही रीत आहे आणि तिच्या खुणाही सुटसुटीत आहेत: कामापुढे टिंब, ठरलेल्या प्रसंगापुढे पोकळ वर्तुळ, नुसत्या माहितीपुढे आडवी रेघ; काम झाले की टिंबावर फुली, आणि पुढे नेले की टिंबाच्या जागी बाण. या खुणा विद्यार्थ्यांनी खुशाल घ्याव्यात. मात्र समाजमाध्यमांवर त्या वहीचे जे झाले आहे ते पाहून मला वाईट वाटले. रंगीत चिकटपट्ट्या, जलरंगातली फुले, वळणदार अक्षरांतली शीर्षके आणि परदेशी ठिपक्यांच्या कागदाच्या महागड्या वह्या यांत मूळची काटकसर कुठल्या कुठे गेली. ज्या मुलीला रविवारची सकाळ आठवड्याचे पान ‘सजवण्यात’ घालवावी लागते, तिच्या कीर्दीत ती सकाळ खर्चाच्या बाजूला मांडायला हवी.

व्यापाऱ्याची ही रीत अभ्यासाच्या टेबलावर आली त्यालाही बराच काळ लोटला आहे. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांच्या 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे सांगितले आहे: घाईत टिपायची कच्ची वही, कीर्द आणि खतावणी. अठराव्या शतकात जर्मनीतल्या गटिंगेनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गेओर्ग लिश्टेनबर्ग यांनी इंग्रज व्यापाऱ्यांची हीच रीत पाहून असे नोंदवले की, विद्वानानेही आधी सुचेल ते कच्च्या वहीत टाकावे आणि मग ते पुढच्या वह्यांत नीट लावत जावे. आपल्या शाळांत कच्ची वही आणि पक्की वही आहेच की! फक्त आपली कच्ची वही पुढे कुठेच खतावली जात नाही. तिच्या शेवटच्या पानावर बॉलपेन चालते की नाही हे पाहण्यासाठी ओढलेल्या गिरगोट्या, फुलीगोळ्याचे डाव आणि त्यांच्या मधोमध ‘फॉर्म 12 तारखेपर्यंत’ असे कोपऱ्यात लिहिलेले एखादे वाक्य असते. कोणता फॉर्म आणि कोणत्या महिन्याची 12 तारीख, हे नंतर लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता ज्या क्रियेवाचून ही वही नुसती यादी होऊन बसते, तिच्याकडे येतो. पेढीवर पान संपले की शिल्लक पुढच्या पानावर ओढावी लागते; ‘शिल्लक पुढे नेली’ असे या पानाच्या तळाशी लिहायचे आणि ‘शिल्लक पुढे आणली’ असे पुढच्या पानाच्या माथ्यावर. विद्यार्थ्यानेही आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री म्हणा, कीर्दीची तेरीज मांडावी. म्हणजे आठवड्याची पाने पहिल्यापासून वाचावीत, झालेल्यांवर फुल्या आहेत ना ते पाहावे आणि न झालेले प्रत्येक काम हाताने नव्या पानावर पुन्हा लिहावे. हे पुन्हा लिहिणे कंटाळवाणे आहे आणि त्या कंटाळ्याचाच उपयोग आहे. फोनमधल्या यादीत न झालेले काम आपोआप उद्यावर सरकते, त्याला काही श्रम पडत नाहीत. म्हणून ती यादी शंभर-दीडशे कामांची होते आणि मग आपण ती उघडणेच बंद करतो. वहीत मात्र तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिताना हात थबकतो आणि हे काम खरोखर करायचे आहे का, असा प्रश्न मनात उभा राहतो.

करायचे नसेल तर त्यालाही हिशेबात जागा आहे. तीन वेळा पुढे ओढलेले आणि आता न करताही चालेल असे काम सरळ बुडीत खाती टाकावे, त्यावर एक आडवी रेघ मारावी आणि शेजारी तारीख घालावी. बुडीत कर्ज येण्याच्या बाजूला धरून ठेवणारी पेढी स्वतःलाच फसवत असते. ‘सुट्टीत जपानी भाषा शिकणे’, ‘अकरावीच्या सर्व नोट्स पुन्हा सुवाच्य लिहिणे’ अशी कामे कित्येक मुलांच्या मनावर वर्षानुवर्षे येणे म्हणून बसलेली असतात. ती एकदा लिहून खोडली तर मुलांचा निम्मा अपराधभाव कमी होईल.

करायचे असूनही काम पुढे पुढे सरकत असेल, तर बहुधा ती नोंदच चुकीची असते. मिरज तालुक्यातल्या एका गावातून एसटीने येणारी माझी एक विद्यार्थिनी होती. तिने अशी वही बारावीत वर्षभर ठेवली होती. तिच्या वहीत ‘उत्पन्नाचा दाखला काढणे’ ही ओळ मी लागोपाठ पाच रविवार पुढे ओढलेली पाहिली. मुलगी कामसू होती. वहीतले बाकीचे सगळे वेळेवर होत होते. आम्ही दोघे बसलो तेव्हा लक्षात आले की हे एक काम नव्हतेच. आधी तलाठ्यांकडून उत्पन्नाचा अहवाल, त्यासाठी तलाठी गावात कोणत्या वारी बसतात ते विचारणे, मग रेशनकार्डाची आणि आधारकार्डाची प्रत, वडिलांचा फोटो, स्वयंघोषणापत्र आणि त्यानंतर सेवा केंद्रात जाऊन अर्ज, अशी ती निदान पाच कामे होती आणि त्यातले पहिले काम वडिलांना शेतातून सवड मिळण्यावर अडले होते. तिने ती एक ओळ खोडून दाखल्यांच्या खात्यावर पाच ओळी लिहिल्या. पहिली ओळ ‘तलाठी कार्यालयाचा वार बाबांना विचारणे’ अशी होती आणि ती त्याच संध्याकाळी पुरी झाली. पंधरवड्यात दाखला हातात आला. तेव्हापासून तिने दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते हेही त्या खात्याच्या माथ्यावर लिहून ठेवले, कारण पुढच्या वर्षी पदवीच्या प्रवेशाला तोच व्याप पुन्हा येणार होता.

कीर्दीत नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहायला आम्ही शिकवतो आणि मुले ते गुण कापले जातील म्हणून लिहितात. या वहीत त्याला खरा अर्थ आहे. ‘अर्थशास्त्र करणे’ ही नोंद नव्हे. ‘राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या तीन पद्धती, न बघता उत्तर लिहून काढणे, अंदाजे 40 मिनिटे’ ही नोंद. आणि काम झाल्यावर त्या 40 मिनिटांशेजारी खरी लागलेली मिनिटेही लिहावीत. महिन्याभरात आपला अंदाज किती पट चुकतो हे ज्याचे त्याला कळते. काहींचा दीडपट चुकतो, काहींचा तिपटीने. आणि त्यानंतर भिंतीवर जे वेळापत्रक लागेल ते निदान त्या मुलाचे स्वतःचे असेल.

पुष्कळ वह्या मरतात त्या आळसाने नव्हे, तर सुवाच्यतेच्या हव्यासाने. पहिले पान मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे, तिसऱ्या दिवशी अक्षर बिघडले की पान फाडायचे, आठव्या दिवशी दोन दिवसांची नोंद राहिली की वही ‘खराब झाली’ म्हणून बाजूला ठेवायची आणि नवी आणायची, हा क्रम मी अनेक घरांत पाहिला आहे. पुस्तपालनात पान फाडणे हा गुन्हा आहे. चुकीची नोंद खोडरबराने जात नाही, तिच्यासाठी दुरुस्तीची नोंद करावी लागते. आणि चार दिवस कीर्द लिहिली नाही तर पाचव्या दिवशी ‘दि. 9 ते 12 नोंद नाही, ताप’ एवढे लिहून पुढे चालू लागायचे असते. वडिलांच्या चोपडीत माझ्या आजीच्या निधनाच्या दिवसाचे पान असेच एका ओळीचे आहे.

एक चूक माझ्याकडूनही झाली आणि ती सांगितल्यावाचून हे पत्र प्रामाणिक होणार नाही. त्या विद्यार्थिनीचे यश पाहून मी पुढच्या वर्षी संपूर्ण तुकडीला ही वही सक्तीची केली. दरमहा तपासायची, सही करायची आणि अंतर्गत गुणांत तिचा विचार करायचा, असे वर्गात जाहीर केले. डिसेंबरात सत्तरहून अधिक वह्या टेबलावर आल्या. जुलैपासून डिसेंबरपर्यंतची सगळी पाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली होती. एकाने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुस्तपालनाचा चार तास सराव केल्याचे दाखवले होते आणि दुसऱ्याने 31 नोव्हेंबरला प्रकल्प पुरा केला होता. हसू आवरेना, पण दोष मुलांचा नव्हता. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाची जर्नले कशी ‘पुरी’ होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यात आणखी एका जर्नलाची भर घातली होती. ज्याचा हिशेब त्याच्यासाठी असतो तो हिशेब दुसऱ्याला दाखवायचा झाला की खोटा होऊ लागतो. शिवाय या वहीत मुले घरच्या अडचणी, उसने घेतलेले पैसे, कुणाशी झालेले भांडणही लिहितात, आणि ते वाचण्याचा अधिकार शिक्षकालाही नाही आणि आईवडिलांनाही नाही. म्हणून शाळा-महाविद्यालयांनी ‘दैनंदिनी उपक्रम’ म्हणून हे सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दाखवावे, एकदा आपली स्वतःची वही वर्गात उघडून दाखवावी आणि मग सोडून द्यावे.

हाताने लिहिले की स्मरणशक्ती वाढते, असे वाक्य या विषयावर बोलताना हमखास ऐकू येते. त्याला आधार म्हणून म्यूलर आणि ओपनहायमर या दोन अमेरिकी संशोधकांचा 2014 चा अभ्यास सांगितला जातो. त्यात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडत, असे आढळले होते. पण 2019 आणि 2021 मध्ये इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा इतका स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून वहीची बाजू मांडताना मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात झालेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग मला विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक कामाचा वाटतो. त्यात 57 तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांत करायची कामे कागदावर लिहिली आणि काहींनी झालेली कामे लिहिली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांनी ती अधिक बारकाईने लिहिली त्यांना आणखी लवकर. एका रात्रीचा आणि थोड्या माणसांवरचा हा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी फेब्रुवारीत बारावीची परीक्षा तोंडावर असताना रात्री दोनपर्यंत आढ्याकडे पाहत पडणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पाच मिनिटांचा आणि एका पानाचा हा खर्च परवडण्याजोगा वाटेल.

फोनशी माझे वैर नाही. वही वाजत नाही. संध्याकाळी साडेपाचची एसटी किंवा उद्याची तोंडी परीक्षा यांची आठवण गजरानेच व्हावी. वही हरवते आणि भिजतेही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा पाणी ओसरल्यावर गच्च्यांवर वाळत घातलेल्या चोपड्या आम्ही पाहिल्या आहेत. शाई पसरून कित्येक पाने नुसती निळी झाली होती. म्हणून दाखले, गुणपत्रिका यांची छायाचित्रे फोनमध्ये ठेवावीत आणि महिन्याला खतावणीच्या पानांचेही एकेक छायाचित्र काढावे. मात्र काम लिहायला म्हणून फोन हातात घेतला आणि अर्ध्या तासाने आपण भलत्याच ठिकाणी असल्याचे लक्षात आले, हा अनुभव विद्यार्थ्यांनाच काय, माझ्यासारख्या पासष्टी ओलांडलेल्यालाही रोजचा आहे. वहीत दुसरीकडे जायला वाटच नाही.

एवढे सगळे विद्यार्थ्याने केले तरी एका गोष्टीपुढे त्याची वही हतबल ठरते, आणि त्या गोष्टीला तो जबाबदार नाही. ज्या नोंदी कीर्दीत वेळेवर यायच्या, त्या त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचतच नाहीत. माझ्या परिचयातल्या एका महाविद्यालयात परीक्षेच्या अर्जाची सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री सव्वादहाला येते आणि मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची असते. त्या सूचनेवर लगेच साठ-सत्तर ‘ओके सर’ येऊन पडतात आणि ज्याचा नेटपॅक संपलेला आहे किंवा ज्याच्या घरी एकच फोन वडिलांकडे असतो, त्या मुलाला ती तिसऱ्या दिवशी कळते. काचेच्या पेटीतला सूचनाफलक अजून भिंतीवर आहे; त्यात मागच्या वर्षीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची पत्रिका आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही पदवीची रचना बदलली आहे. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि सहशैक्षणिक उपक्रम अशा आठ-नऊ शीर्षांखाली प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एका सत्रात वीस-बावीस श्रेयांक (क्रेडिट) मिळवायचे असतात, आणि जवळजवळ प्रत्येक शीर्षाची अंतर्गत चाचणी, प्रकल्प वा सादरीकरण वेगळे. पूर्वी कला वा वाणिज्य शाखेच्या मुलाला वर्षाच्या दोन-तीन तारखा लक्षात ठेवल्या तरी पुरे. आता खतावणीत आठ-नऊ खाती उघडावी लागतात आणि प्रत्येक खात्याची तारीख वेगळे प्राध्यापक वेगळ्या दिवशी, तोंडी, तास संपता संपता सांगतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यातच सर्व अंतर्गत चाचण्या, प्रकल्प जमा करण्याच्या तारखा, परीक्षा अर्जाची आणि फीच्या हप्त्यांची मुदत एकाच कागदावर छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावी आणि फलकावर लावावी, ही माझी महाविद्यालयांकडे मागणी आहे. तारीख बदलली तर बदलाचीही सूचना त्याच फलकावर, निदान चार दिवस आधी लागावी. याला कोणतेही पोर्टल लागत नाही. एक फुलस्केप कागद आणि प्राध्यापकांची एक बैठक पुरते.

दुसरी मागणी आपल्या दैनिकाकडे आहे. निकालांच्या आणि प्रवेशाच्या पुरवण्या आपण दरवर्षी काढता आणि त्यांत अभ्यासक्रमांच्या जाहिराती पुष्कळ असतात. त्यांतल्या एका पानाचा चौथा भाग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा आणि त्यात त्या महिन्यातल्या जाहीर झालेल्या मुदती तेवढ्या द्याव्यात: मंडळाचे परीक्षा अर्ज, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म, सीईटी या प्रवेश परीक्षांची नोंदणी, राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्या, विद्यापीठांचे परीक्षा अर्ज. सोबत लेख नको, सल्ला नको, हसऱ्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र तर मुळीच नको. कडेने तुटक रेघ असावी आणि कात्रण दोनशेपानी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल एवढ्या मापाचे असावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक (पुस्तपालन व लेखाकर्म),
सांगली